धोट्याचं भोक आणि समाजाची उतरंड

मागावरचा धोटा हातात घेऊन पाहिला तर एखाद्या छोट्या होडीसारखा दिसतो. लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी टोपणं बसवलेला, मधे पोकळ. त्या पोकळीत सुताची कांडी बसते. उभ्या ताण्याच्या धाग्यांमधून धोटा इकडून तिकडे झेपावतो आणि आपल्यामागे आडवा बाणा सोडत जातो. धोट्याच्या बाजूला एक बारीक भोक असतं. कांडी संपली की माग थांबवायचा, नवी कांडी बसवायची आणि सुताचं टोक त्या भोकातून बाहेर काढायचं. बोटांनी हे करत बसलं तर वेळ जातो, आणि नगावर मजुरी असणाऱ्याला वेळ परवडत नाही. म्हणून विणकर भोकाला ओठ लावायचा आणि जोरात श्वास आत ओढायचा. सूत सर्रकन तोंडात यायचं, त्याबरोबर थोडे तंतू आणि धूळही. धोटा पुन्हा मागावर चढायचा. काही मिनिटांत कांडी संपली की पुन्हा तेच, पाळी संपेपर्यंत.

मुंबईच्या कापडगिरण्यांमध्ये या एका श्वासावर हजारो माणसांची आयुष्यं अडली होती. एकाने ओठ लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जायचा. अस्पृश्य मानलेल्या माणसाचे ओठ जिथे लागले, तिथे आपले ओठ लावायला सवर्ण विणकर तयार नव्हते. म्हणून साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, दलित कामगारांना शिरकाव नव्हता. त्यांची भरती मुख्यतः रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात व्हायची. आणि गिरणीत बरा पैसा होता तो विणकामातच.

विषमता समजून घेण्यासाठी समाजशास्त्राने दीडशे वर्षांत ज्या संकल्पना घडवल्या, त्या पुस्तकात एकेका प्रकरणात सुट्या सुट्या भेटतात. वर्ग एका प्रकरणात, दर्जा दुसऱ्यात, भांडवलाचे प्रकार तिसऱ्यात. त्या सगळ्या या एवढ्याशा भोकाभोवती एकत्र सापडतात, याचं मला फार नवल वाटतं.

पहिलं नवल असं की हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. फॅक्टरी कायद्यात तो नव्हता. मालकाच्या फायद्याचाही तो नव्हता, कारण कामाला माणसं जितकी जास्त उपलब्ध तितकं मालकाला बरंच. 1928 साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा प्रचंड संप झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. एका विणकराने दोनाऐवजी तीन माग चालवावेत अशा योजनांविरुद्ध हा लढा पेटला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांपुढे एक प्रश्न ठेवला: तुमच्या मागण्यांमध्ये साळखातं आमच्या माणसांना खुलं करण्याची मागणी आहे का? पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घातली. मालकांकडे ती गेली तेव्हा, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली.

ही भूमिका सोयीची होती, पण तिच्यात तथ्यही होतं. नियम कुणी केला म्हणून बोट दाखवावं असा एक माणूस सापडत नव्हता. एमिल द्युर्कहाइमने 1895 मध्ये अशा गोष्टींना ‘सामाजिक तथ्य’ म्हटलं. ती कुणा एकाच्या मनात राहत नाहीत, पण प्रत्येकावर बाहेरून दाब टाकतात. एखाद्या विणकराला जातपात मनातून मान्य नसली तरी शेजारच्या चार मागवाल्यांच्या नजरेपुढे त्याचं काय चाललं असतं? विषमतेकडे पाहण्याची पहिली शिस्त इथे लागते. दुष्ट माणूस शोधण्याआधी, सगळे जण नुसते रोजच्यासारखे वागले तरी काय घडतं, ते पाहायचं.

आता मार्क्स. 1853 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये बसून तो न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रासाठी हिंदुस्थानावर लेख लिहीत होता. त्याच वर्षी 16 एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. मार्क्सने भाकीत केलं की रेल्वेच्या पाठोपाठ आधुनिक उद्योग येतील आणि जातिव्यवस्था ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर उभी आहे, ती विरघळून जाईल. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. भाकिताची परीक्षा घ्यायला इतिहासाने जणू प्रयोगशाळाच उभारून दिली.

निकाल मात्र थक्क करणारा लागला. भाकीत अर्धं खरं ठरलं. कोकणातला कुणबी, साताऱ्याचा मराठा, महार, मुसलमान विणकर, सगळे एकाच भोंग्यावर उठू लागले, एकाच फाटकातून आत जाऊ लागले. मार्क्सच्या व्याख्येने ते सगळे एकाच वर्गाचे, कारण उत्पादनाची साधनं कुणाच्याच मालकीची नाहीत आणि सगळेच श्रमशक्ती विकून जगतात. 1928 च्या संपात सहा महिने टिकून राहिले ते याच नात्याने. मार्क्सच्या विचारात यासाठी दोन पायऱ्या आहेत. परिस्थितीमुळे एका वर्गात असणं ही एक, आणि आपण एक वर्ग आहोत हे उमगून एकत्र उठणं ही दुसरी. मुंबईच्या कामगारांनी दुसरी पायरी गाठली होती. तरीही गिरणीच्या आत, दोन खात्यांच्या मधे, जुनी रेघ जशीच्या तशी उमटली. यंत्र परदेशी, भांडवल नवं, मजुरी रोख, आणि रेघ शेकडो वर्षांची. मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातलं ‘वर्ग’ हे शेवटचं प्रकरण जेमतेम सुरू होऊन तुटतं. ते त्याच्या हातून पूर्ण झालं असतं तर त्यात काय असतं, याचा विचार मी अनेकदा करतो.

ही रेघ कळायला माक्स वेबर लागतो. 1920 मध्ये तो वारला आणि त्याचा मोठा ग्रंथ 1922 मध्ये त्याच्या मागे पुरा छापला गेला. त्याचं म्हणणं असं की समाजात माणसाची जागा एकाच शिडीवर ठरत नाही. बाजारात तुमच्या हातातल्या वस्तूला किंवा कौशल्याला काय भाव आहे, हा झाला वर्ग. लोक तुम्हाला किती मान देतात, कुणाच्या पंगतीला बसवतात, कुणाच्या घरात मुलगी देतात, हा झाला दर्जा. आणि संघटनेच्या बळावर तुम्ही इतरांकडून काय करून घेऊ शकता, ही झाली सत्ता. तिन्ही शिड्या एकमेकींना टेकलेल्या असतात, पण त्या तीन आहेत. साळखात्यातला मराठा विणकर आणि रिंग खात्यातला महार कामगार पहिल्या शिडीवर जवळजवळ शेजारी होते. दुसरीवर त्यांच्यात न ओलांडता येणारं अंतर होतं. आणि मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे की दुसऱ्या शिडीवरचं अंतर पहिल्या शिडीवर पैशाच्या रूपात उतरत होतं. मान कमी म्हणून खातं बंद, खातं बंद म्हणून मजुरी कमी. वेबर ज्यांना जीवनसंधी म्हणतो, म्हणजे बरं अन्न, बरी खोली, पोराचं शिक्षण, आजारात औषध मिळण्याची शक्यता, त्या अशा ओठांपासून सुरू होऊन पोराच्या पाटीपर्यंत पोचत होत्या.

वेबरने आणखी एक हत्यार दिलं: सामाजिक बंदिस्ती. एखाद्या गटाच्या हाती चांगली संधी लागली की तो बाहेरच्यांना दार लावतो, आणि दार लावायला हाताशी असेल ते कारण वापरतो. वंश, भाषा, धर्म, पदवी, काहीही चालतं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ फ्रँक पार्किनने 1979 मध्ये यात एक मोलाची भर घातली. त्याने दाखवलं की एकच गट एकाच वेळी दोन तोंडांनी लढू शकतो. वरच्यांकडून हक्क ओढून घ्यायचे आणि खालच्यांना दार लावायचं. संपात मालकाशी भिडणारा आणि साळखात्याच्या दारात आडवा उभा राहणारा माणूस एकच होता. त्यात त्याला विसंगती जाणवत नव्हती. अमेरिकेत चार्ल्स टिलीने याच वागण्याला संधींची साठेबाजी म्हटलं. मला तो शब्दप्रयोग फार नेमका वाटतो, कारण साठेबाजीला क्रौर्य लागत नाही, नुसती आपल्या माणसांची काळजी पुरते.

पण या विषयातला सर्वांत खोल विचार माझ्या मते आंबेडकरांचा आहे, आणि समाजशास्त्राच्या जागतिक पुस्तकांत त्याला अजून त्याची जागा मिळालेली नाही. मे 1916 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात जातींवर एक निबंध वाचला. जात म्हणजे दारं लावून घेतलेला वर्ग, अशी मांडणी त्यात होती. जातीबाहेर लग्न न करण्याची चाल हे ते दार. वेबरचा ग्रंथ पुरा छापून यायला तेव्हा सहा वर्षं बाकी होती. पुढे त्यांनी सांगितलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, तीही एकाखाली एक रचलेली. तिला त्यांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं.

साधी विषमता आणि श्रेणीबद्ध विषमता यांतला फरक ध्यानात आला की डोळे उघडतात. समाजात वर थोडे आणि खाली बाकी सगळे, एवढंच असतं तर खालचे कधीतरी एक झाले असते. पण प्रत्येकाच्या वर कुणी आणि खाली कुणी अशी उतरंड असेल तर तळाचा सोडून प्रत्येकाकडे गमावण्यासारखं काहीतरी असतं. वरच्याचा राग असतो आणि खालच्याची भीतीही असते. त्यामुळे उतरंड बाहेरून कुणी धरून ठेवावी लागत नाही, ती आतूनच धरली जाते. अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी 1935 मध्ये गोऱ्या मजुरांविषयी असंच काही पाहिलं. मजुरी कमी मिळाली तरी गोरेपणाचा मान ही एक मानसिक मजुरी त्यांना मिळते, असं त्यांनी लिहिलं. 1946 मध्ये आंबेडकरांनी ड्यूबॉइस यांना पत्र पाठवलं होतं आणि ड्यूबॉइस यांनी उत्तरही दिलं होतं. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन माणसं एकाच कोड्याला भिडलेली होती, या गोष्टीने मन भरून येतं.

श्रेणी किती आतवर काम करते, हे लंडनच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये दिसलं. 1967 पासून तिथल्या सुमारे 18 हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेतला गेला. मायकेल मार्मट या संशोधकामुळे तो अभ्यास गाजला. त्यात उपाशी कुणी नव्हतं, बेकार कुणी नव्हतं. तरी तळच्या श्रेणीतला मृत्युदर वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्या पायरीवरचे साहेबसुद्धा पहिल्या पायरीवरच्यांपेक्षा लवकर जात होते. सिगारेट वगैरे कारणांनी फरकाचा थोडाच भाग उलगडला. उरलेला भाग पायरीचा होता.

आता पुन्हा ओठांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. साळखात्यातल्या विणकराला जी किळस वाटायची ती खोटी नव्हती. त्याच्या पोटात खरोखर ढवळायचं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू, 1930 मध्ये पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी एका पोस्टमनच्या घरी जन्मलेला, आयुष्यभर हेच सांगत राहिला की समाज नुसता डोक्यात राहत नाही, तो अंगात मुरतो. कसं बसावं, कसं बोलावं, काय सुंदर, काय ओंगळ, हे आपल्याला उपजत वाटतं, पण ते आपल्या जागेने आपल्याला शिकवलेलं असतं. या मुरलेपणाला त्याने ‘हॅबिटस’ म्हटलं. याचा पुरावा हवा असेल तर इंग्लंडमधल्या लँकशायरला जावं. मुंबईची यंत्रं जिथून यायची, त्या लँकशायरमध्ये विणकर, त्यात बायका पुष्कळ, हेच काम ओठांनी करत. तिथे या कृतीला धोट्याचं चुंबन घेणं म्हणत. एकमेकींनी ओठ लावलेले धोटे वापरायला तिथे जात आड येत नव्हती. तक्रार होती ती दात किडण्याची आणि रोग पसरण्याची. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्ये या पद्धतीवर बंदी घातली, लँकशायरमध्ये ती यायला 1952 उजाडलं. हाताने ओवता येणारे धोटे त्याआधीच निघाले होते.

धोटा तोच, भोक तेच, थुंकी माणसाचीच. एका गावात तो आरोग्याचा प्रश्न, दुसऱ्या गावात विटाळाचा. म्हणजे किळस थुंकीत नव्हतीच. हाताने ओवायचे धोटे मुंबईत सरसकट आले असते तर साळखातं खुलं झालं असतं का? मला नाही वाटत. पिण्याच्या पाण्याचे माठही वेगळे असत, आणि माठाला कुणी ओठ लावत नाही. कारण एक गेलं असतं तर दुसरं उभं राहिलं असतं. बंदिस्तीला कारणं नेहमीच पुरतात.

आणि समजा कारणं उरलीच नसती, तरी आत जाण्याची वाट जॉबरच्या हातात होती. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. माणसं तोच आणायचा, आणि आणायचा कुठून, तर आपल्या गावातून, आपल्या भावकीतून. नवा पोरगा मुंबईत उतरला की गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकायचा, ओळखीच्या खाणावळीत जेवायचा, आणि रोज सकाळी फाटकावर बदली म्हणून उभा राहायचा. कुणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरतं काम. आत गेल्यावर माग चालवायला शिकवणार कोण? शेजारी उभं करून घेणारा काका किंवा मेहुणा. ओळखींमधून मिळणाऱ्या या बळाला बोर्द्यूने सामाजिक भांडवल म्हटलं, आणि घरच्यांकडून नकळत मिळणाऱ्या जाणकारीला सांस्कृतिक भांडवल. ज्याचा काका साळखात्यात नाही, त्याला दार उघडं असूनही माग शिकता येत नाही. बंदी पुढच्या दशकांत हळूहळू ढिली पडली, तरी बंदी उठणं आणि माणसं आत दिसणं यात कितीतरी वर्षांचं अंतर पडतं, ते यामुळे. आजच्या कचेरीत, तुझा रेझ्युमे पाठव, मी साहेबांशी बोलतो, असं जो म्हणतो त्याच्या मनातही कुणाला दार लावायचं नसतं.

गिरणगावातल्या बायकांची जागा या कुठल्याच एका शिडीवर नीट बसत नाही. 1920 च्या दशकात गिरण्यांमध्ये साधारण पाचातली एक कामगार बाई होती, बहुतेक जणी रीलिंग आणि वाइंडिंग खात्यात. रात्रपाळीवरची बंदी, 1929 चा बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा टाळण्याची मालकांची धडपड आणि नवी यंत्रं, यांत त्यांची संख्या घटत गेली. बाकीच्या बायका खाणावळी चालवत. गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना त्या महिनाभर उधारीवर जेवू घालत आणि पगाराला पैसे घेत. गिरणीचं चाक फिरायला कोळशाइतकंच हे अन्न लागत होतं. संपात उधारी थकली की पहिला खड्डा त्यांच्या चुलीत पडायचा. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळात मोट बांधली. जात, वर्ग आणि बाईपण एका माणसात एकत्र आले की त्यांची नुसती बेरीज होत नाही, तिसरीच काही स्थिती तयार होते. 1989 मध्ये किंबर्ली क्रेनशॉ यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कामगार बायकांचे खटले अभ्यासून हे दाखवलं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्यातून विषमतेचा आणखी एक धडा मिळतो, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. उत्पन्न आणि संपत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामगाराकडे उत्पन्न होतं. ते फाटक बंद झालं त्या दिवशी थांबलं. मालकाकडे संपत्ती होती. गिरण्यांची जमीन, परळ, लालबाग, वरळी मिळून सुमारे सहाशे एकर, फाटक बंद असतानाही महाग होत राहिली. 1991 च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. एका कलमातल्या बदलाने किती एकर इकडचे तिकडे झाले, हे समजून घेतलं तर वेबरची तिसरी शिडी, सत्तेची, लख्ख दिसते.

कामगारांच्या वाट्याला म्हाडाची सोडत आली. घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. घरं त्यामानाने फारच थोडी. पात्रतेची अट अशी की 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असलं पाहिजे. अट वाजवी आहे, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण ती रेघ मारल्याबरोबर त्या दीड लाखांना पिढ्यान्‌पिढ्या भाकरी पुरवणाऱ्या खाणावळवाल्या बायका आपोआप बाहेर राहिल्या, कारण त्यांचं नाव कुठल्याच गिरणीच्या पटावर कधी चढलेलं नव्हतं.